लाल गाडीचा पिवळा दिवा

१० जाने., शनि.
पोर्टच्या फ्लायओव्हरवर लाल गाडीने आज दगा दिला. बंद नाही पडली, पण ॲक्सिलरेटर तळाला टेकवला तरी वीसच्या वर जाईना. मागे कंटेनर लादलेला ट्रेलर. ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढेना. कशीबशी कडेला घेतली, बंद करून परत चालू केली, तर पळाली! ऑफिसला पोचले.
ह्यांना फोन केला. म्हणे, "गियर चुकली असशील."
बारा वर्षं चालवतेय मी. ह्यांचाच पिकअप घेऊन शिकले. गियर चुकले म्हणे!

११ जाने., रवि.
गाडीचा विषय काढला की हे उठून अंगणात जातात आणि गाडीच पुसत बसतात. अकरा वर्षं जुनी, दोन दारांची, मुंबईच्या कुणा शेटने वापरून सोडलेली. पण गावात दुसऱ्या कुणाकडे नाही ना. दिवाळीत नेटवरून ती थ्रॉटलची डबी मागवली. पॅडल आणि वायरच्या मध्ये बसते. पाय थोडा दाबला तरी इंजिनाला सांगते, पुष्कळ दाबलाय. बबन इलेक्ट्रिशियनने अर्ध्या तासात बसवली.
खरं लिहायचं तर मलाही आवडली होती. डबी 'रेस'वर टाकून जासईचा रस्ता मीच दोनदा मारलाय. आमची पोर स्वरा मागे बसून टाळ्या वाजवत होती.

१४ जाने., बुध. संक्रांत
आज गोड बोलायचं म्हणे. कुणाशी?
संध्याकाळी सासूबाईंना हळदीकुंकवाला घेऊन निघाले. शेडमध्ये अंधार. चावी फिरवली. मीटरच्या काचेवर डाव्या कोपऱ्यात देवीचं छोटं स्टिकर आहे, रोज त्याला हात लावून मगच निघते. सासूबाई एकदम म्हणाल्या, "बग गो, आयचे तोंडाव कसा तेज आयलाय!" खरंच, मुकुटाच्या कडेने पिवळा उजेड. त्यांनी हात जोडले. मीही जोडले.
मग डोकं चाललं. नखाने कोपरा उचलला. सासूबाई ओरडल्या, "आयला हात नको लावूस!" खाली इंजिनचा पिवळा दिवा. चेक इंजिन. ढणढण पेटलेला.
दिवाळीपासून ह्या दिव्याला नमस्कार करतेय मी.
रात्री विचारलं, स्टिकर कुणी लावलं? मला वाटलं होतं, सासूबाईंनी. हे जेवता जेवता म्हणाले, "मीच. डबी बसवली तवापासून पेटतोय. तू उगाच घाबरशील म्हणून."
घाबरेन! आणि स्वराला शाळेत सोडत होते मी त्याच गाडीतून. आजपासून इथे 'हे' लिहिणार नाही. महेश. नुसतं महेश.

१७ जाने., शनि.
बबन आला. स्कॅनर लावला, बटण दाबलं, दिवा गेला. महेश असा खूश, जसं काय इंजिन नवं बसवलं.
मी बबनला शेडमागे गाठलं. आधी इकडचं तिकडचं. मग खाली मान घालून म्हणाला, "वहिनी, डबी काढली तरी दिवा येनार. बसवताना पॅडलच्या प्लगची पिन वाकली माझ्या हातून. त्यात आपली खारी हवा, गंजून हिरवी पडलीय. अख्खा पॅडल नि प्लग बदलायला पायजे. महेशदादा नको बोल्ला, पार्ट बाहेरून यायला दोन महिने लागतील."
मग आज काय केलंस?
"पुसला फक्त. दोन-चार दिस चालवली की परत पेटंल."
ह्याला इलेक्ट्रिशियन म्हणायचं! दोघांच्याही कानाखाली द्यावीशी वाटली. मी ऑफिसला बसने जातेय. स्वराही बसने.

२० जाने., मंगळ.
पेटला. महेश म्हणतो, विकून टाकू.
बरं झालं म्हटलं मनात. जाऊ दे घरातून एकदाची ब्याद.

२२ जाने., गुरु.
कुणाला, ते आज कळलं. सागरला. माझ्या भावाला!
तो तिकडे मांडव्याजवळ, पाहुण्यांना खोल्या भाड्याने देतो. लाल गाडीवर पहिल्या दिवसापासून डोळा. महेशने परस्पर फोन करून ठरवलंय. रविवारी येतोय. सकाळी बबन दिवा पुसणार.
मी म्हटलं, त्याला सांगितलंत का? तर हा मनुष्य म्हणतो, "सागर काय परका हाय? बाहेरच्याला दिली तर उद्या दारात येऊन बोंबलंल. आपला माणूस संभालून घेल."
म्हणजे परक्याला फसवायला भीती, आणि माझ्या भावाला फसवायला हक्क. संताप संताप झाला. ताट तसंच ठेवून उठले.
पण फोन नाही केला सागरला. दोनदा हातात घेतला.

२३ जाने., शुक्र.
सागरचाच फोन. रंग टिकलाय ना, विचारत होता. गाडीला नाव काय लिहू, विचारत होता. पोरगा इतका आनंदात. मी म्हटलं, रंग छान आहे.
रंग छान आहे!! थू माझ्या जिभेवर.

२५ जाने., रवि.
सागर रेवसहून लाँचने करंजाला उतरला, दहा वाजता दारात. येताना हार, नारळ. गाडी घेऊन पेण-वडखळच्या रस्त्याने परत जाणार. त्या रस्त्यावर ट्रेलरांची रांग तुटत नाही. सासूबाईंनी गाडीला कुंकू लावलं. मीटरवर दिवा नाही, काच स्वच्छ. महेशने चावी पुढे केली.
मला राहवलं नाही. मध्ये हात घालून चावी घेतली. स्वराला हाक मारली, तिच्या पाठीवर हात ठेवून महेशला म्हटलं, "तुम्ही चालवा. पोरीला शेजारी बसवा, वडखळपर्यंत जाऊन या. मग सागरला द्या."
महेश हसला. मी चावी धरूनच. मग हसायचा थांबला.
"तमाशा कनाला करतेस?"
"नुसती चक्कर मारायची. बसवा ना."
स्वरा तर पळत जाऊन दार उघडत होती. महेशने तिचा दंड धरून मागे खेचलं. इतक्या जोरात की ती रडायला लागली.
झालं. आणखी काय सांगायचं होतं? सागर माझ्याकडे वळला. मग मी सगळं सांगितलं. डबी, पिन, दिवा. बबन केव्हाच सटकला होता. सागरने हार गाडीवर तसाच ठेवला, चहाही नाही घेतला.
फाटकाशी त्याने विचारलं, "ताय, तुला कवापासून म्हाईत हाय?"
मी म्हटलं, "आज सकाळी कळलं."
सासूबाई ओट्यावर होत्या. माझ्याकडे बघितलं आणि आत गेल्या.

२६ जाने., सोम.
महेश बोलत नाही. फारच बरं. पोरीच्या दंडावर वळ उठलाय. तेल लावून झाल्यावर मी भांडी आपटावीत तशी दारं आपटली, काही उपयोग नाही. रागवायचं कुणावर, हाच प्रश्न आहे. त्याने फसवलं, बबनने फसवलं. आणि मी? अकरा दिवस गप्प. गाडी दुसऱ्याच्या गळ्यात पडत होती तोवर मला चाललं असतं. भावाच्या गळ्यात पडायची वेळ आली तरी तीन दिवस तोंड उघडलं नाही.

२८ जाने., बुध.
सागरचा फोन. आवाज भरलेला. "भावोजींच्या दारात मी आता पाय ठेवनार नाय. पन ताय, तू व्हतीस म्हनून वाचलू. आयला पन सांगितलाय, तायने नवऱ्यासमोर उभं राहून वाचवला मना. आय रडली."
लाज वाटली.  कधीपासून माहीत होतं ते आता सांगावं, ह्या क्षणी सांगावं, असं तोंडापर्यंत आलं.
मी विचारलं, "जेवलास का?"