शिलाईचा एक इंच

४ मार्च

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

आमची ही रुसून गाठोड्यांसकट तुझ्याकडे पोचली असेल. आधी माझं ऐक, मग रागाव.

चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले, आता स्वतःसाठी काही म्हणून हौसेनं दोन स्पीकर घेतले. विकणारा म्हणाला, दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची, तिघांत सारखं अंतर ठेवा, म्हणजे गाणारा समोर बसल्यासारखा वाटेल. मी टेप घेतली, फरशीवर खडूनं खुणा केल्या. पण हात पडला शिंप्याचा. प्रत्येक मापात शिलाईसाठी एक इंच जास्त धरला गेला. रोज नव्यानं मोजायचो, रोज इंच वाढायचा. महिन्याभरात डावा स्पीकर हिच्या कोपऱ्यात जाऊन धडकला.

तिथं हिची कातरणांची अकरा गाठोडी, रजया शिवायला ठेवलेली. ती मी गॅलरीत हलवली, बाकी काही केलं नाही. आता खोली मोकळी झालीय, पण गाणं विहिरीतून आल्यासारखं येतं. तू हिला समजाव.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. मास्तरास,
अनेक आशीर्वाद.

तुझी बायको आली, अकरा गाठोडी आली, आणि माझ्या घरात पाय ठेवायला जागा उरली नाही. गंमत म्हणजे माझा खरखरा रेडिओ तेव्हापासून गोड वाजतोय. शेजारीण विचारून गेली, नवीन घेतलात का म्हणून. तुझी बायको म्हणते, कापड घुमणारा आवाज पिऊन टाकतं. हे तिनं तुला तीनदा सांगितलं, पण तुझं सगळं लक्ष टेपमध्ये.

बाबांच्या पहिल्या सदऱ्यालाही तू असाच इंच इंच सोडत गेलास. शेवटी त्यात बाबा आणि काका दोघंही मावले असते. कोपरा परत मिळाल्याशिवाय ती येणार नाही. मला ती हवीशी आहे, पण मला घरात चालायलाही हवं.

लोभ आहेच, अक्कल तेवढी वाढवावी.

अक्का

१५ मार्च

ती. अक्कास,
सा. न.

तुझं पत्र वाचून दुकानातल्या सतरा पँटी घरी आणून भिंतीला टांगल्या. आवाज झकास लागला. मग गिऱ्हाइकं आपापली पँट न्यायला आली. एकेक पँट गेली, तसा आवाज पुन्हा घुमायला लागला. शेवटच्या माणसाला मी आणखी दोन दिवस थांबा म्हणालो, तर तो म्हणाला, उद्या माझं लग्न आहे.

हरलो मी. स्पीकर मागे घेतले, कोपरा झाडून ठेवला. या वेळी माप शेजारच्या सुतारानं घेतलं. पण खरं सांगू का अक्का, गाणं लावतो आणि आवाज वाढवतच जातो. कमी करा म्हणणारं घरात कोणी नाही, त्यामुळे कुठं थांबावं ते कळत नाही. मला करमत नाही. हे तिला वाचून दाखव. गाठोडी मागाहून आली तरी चालतील, आधी ती येऊ दे.

तुझा धाकटा

१९ मार्च

सप्रेम नमस्कार.

तुमचं पत्र अक्कांनी दोनदा वाचून दाखवलं, तिसऱ्यांदा मी स्वतःच वाचलं. शनिवारी येते. अकराही गाठोडी बरोबर आणते. अक्कांनी आपल्या जुन्या कपड्यांचं बारावं बांधलंय, पण ते रेडिओ गोड वाजत राहावा म्हणून इथंच राहू दे म्हणतायत.

कोपऱ्याचं माप मी घेईन, आणि शिलाईचा इंच माझ्या बाजूनं धरीन.

तोवर आवाज कमी करा. आपल्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचंही मला पत्र आलंय.

तुमचीच