स्पृहाने उशी कुठे ठेवावी?

॥ श्री ॥
कर्वेनगर, पुणे ५२
२० जानेवारी २०२५

चि. स्पृहास,
अ. आ.

दक्षिण ध्रुवावरच्या संशोधन केंद्रात तू सुखरूप पोचलीस हे वाचून जीव भांड्यात पडला. लगेच अप्पा बळवंत चौकातून पृथ्वीचा गोल आणला. पुणे सापडलं, तू मात्र सापडेनास. गोल ज्या स्क्रूने स्टँडला बसवलाय, नेमकी त्याखाली आहेस. स्क्रू काढला, तर पृथ्वी गडगडत सोफ्याखाली गेली.

फेब्रुवारीतल्या शेवटच्या विमानाने परतायचं की नोव्हेंबरपर्यंत राहायचं, हे तू माझ्यावर सोपवलंयस. उत्तरेकडे डोकं करून झोपू नकोस, एवढं पाळणार असशील तर माझा होकार. तुझ्या बाबांना शेवटचं तसं निजवलं होतं. तुला तसं झोपलेलं मला मनातही आणवत नाही.

पत्राचा फोटो काढून पाठवतेय. लोभ तिथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
आई

दक्षिण ध्रुव
२७ जानेवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं अक्षर बघूनच बरं वाटलं. पण अट पाळायला गेले आणि चक्रावले. इथे पूर्व नाही, पश्चिम नाही. दक्षिणेच्या टोकावरच मी उभी, त्यामुळे समोरही उत्तर दिशा आणि पाठीमागेही तीच. पलंग तीनदा फिरवला. डोकं उत्तरेला, पायही उत्तरेलाच! शेजारच्या बाई विचारत होत्या, काय हरवलंय म्हणून. त्यांना काय सांगणार?

तुला खोटं सांगून होकार मिळवणं मला जमणार नाही. विमान चौदा तारखेला आहे. मला राहायचंय गं, पण तुझ्या डोळ्याला डोळा लागणार नसेल तर येते.

माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
स्पृहा

॥ श्री ॥
पुणे
२ फेब्रुवारी

चि. स्पृहास,
अ. आ.

तुझं पत्र चारदा वाचलं. सगळीकडे उत्तर म्हणजे काय, हे काही केल्या डोक्यात शिरेना. शेवटी यज्ञेश्वरकाकांकडे गेले. चाळीस वर्षं भूगोल शिकवलाय म्हटल्यावर ते सोडतायत होय! मंडईतलं मोसंबं घेऊन त्यावर पेनने आडवी वर्तुळं काढली, ती म्हणे अक्षवृत्तं. मग ते सोललं. दोन फोडींमधली उभी रेघ म्हणजे रेखावृत्त. सगळ्या रेघा देठाशी मिळतात आणि स्पृहा देठावर बसलीय. समजलं. मोसंबं खाऊन झाल्यावर पुन्हा समजेना.

मग झोपायचं कसं, विचारलं. उभ्याने झोपायला सांगा, म्हणाले. मला रडूच आलं. तेव्हा जरा वरमले आणि म्हणाले, वहिनी, या उत्तरांमधली एक आपली आहे. चौऱ्याहत्तर अंश पूर्व रेखावृत्त धरून सरळ निघालं की पुणे येतं.

दोन रात्री विचार केला. भीती गेली नाही, खोटं कशाला सांगू? पण कुठेही डोकं केलंस तरी उत्तरच असेल, तर ते दुसरीकडे कुठे कशाला? तिथल्या कुणाला तरी विचारून ती रेघ नीट बघून घे. पाय माझ्याकडे करून झोपलीस तर याद राख. उशी माझ्याकडे ठेव, मांडीवर डोकं ठेवायचीस तशी.

विमान जाऊ दे.

तुझी,
आई