चषकावरचं नाव

४ जुलै २००२

सकाळपासून डोकं फिरलंय. आवणीला, भात लावायला, बाया मिळत नायत आणि बापये मंडळाच्या ओट्यावर पेपर धरून बसलेत! रविवारी वर्ल्डकप संपला. ब्राझील जिंकला. पुढं तेवढा केसांचा झुपका ठेवलेल्या त्या गड्यानं दोन गोल मारले. टीव्हीवर मी पण बघितलं. पण सगळ्यात भारी खेळाडूचं बक्षीस कुणाला? जर्मनीच्या गोलकीपरला. हरलेल्याला!

त्यावरून ओट्यावर नुसती बोंबाबोंब. चांगो भावजी म्हणतात, "मान गोल मारनाऱ्याचा. राखनदारानं राखलं त्यात काय मोठं? त्याचं कामच ते."

चिखलाच्या पायानं मी तशीच थांबले. म्हटलं, "राखता राखता मेला तरी?"

मंडळाच्या महिपतनं पेपरची घडी केली. मी आले निघून.

७ जुलै

या वह्या भूषणच्या. अकरावीच्या. मागची पानं कोरी आहेत, ती मी भरते. माझी चौथी झालेली, त्यात एक वर्ष दोनदा. कोण वाचणार आहे!

आज कळलं ओट्यावर ते का भांडत होते. सव्वीस जानेवारीच्या आमच्या सामन्यांचा चषक आता नावाचा करायचा म्हणे. कायमचा. दोन नावं निघालीत – माझा भूषण, नायतर चांगो भावजींचा अनंता. अनंता जिता आहे, वाशिंदला कंपनीत आहे, कंपनीच्या टीममध्ये खेळतो. त्या एका गोलावर नोकरी लागली त्याला.

दोघं एकाच सामन्यातले. सत्त्याण्णवची सव्वीस जानेवारी. भात कापलेल्या शेतात फायनल. आमची वाडी आणि मुरबाडकडची पोरं. अनंतानं गोल मारला, एक-शून्य. शेवटच्या मिनिटाला मुरबाडच्या लखमानं असा बॉल हाणला की कुणाला दिसलाच नाय. धूळ उडाली. बघतात तर भूषण बॉल छातीशी धरून पडलेला, डोकं मागच्या बांधाला आपटलेलं. आमच्या गोलांना जाळी कुठली? दोन बांबू, वर एक आडवा, मागं हातभरावर शेताचा बांध. लखमा ओरडत होता – गोल हाय! गोल हाय! रेफ्री लांब होता. नाय म्हणाला. शिट्टी झाली. आमी जिंकलो.

दोन दिवसांनी भूषण गेला. जीपमध्ये, कल्याण यायच्या आधी.

शेवटचं काय बोलला ते सगळे विचारतात. पाणी मागितलं, असं मी सांगते.

१२ जुलै

आवणी सरली. कंबर गेली. ह्यांनी आयोडेक्स चोळलं. म्हणाले, "रत्ने, त्या नावाच्या भानगडीत पडू नको. नाव कोरल्यानं काय पोरगा उठून येतो?" मी पाठ फिरवली.

तुमी बाप. तुमी जीप आणाया गेलतात. त्याच्याजवळ मी होते.

१८ ऑगस्ट

मंडळाची बैठक. बायकांना बोलावलं नव्हतं, मी गेले. दारातच बसले. बघू कोण उठवतो!

चांगो भावजी उठले – "मेलेल्याचा मान ठेवतो आमी. पन गोल नसता तर कप आला असता का?"

मी म्हटलं, "अडवला नसता तर राह्यला असता का?"

"वयनी, अडवायला काय, बॉल आपसूक अंगावर येतो कधी कधी."

मी उठून उभी राह्यले. काय काय बोलले ते लिहीत नाय. एवढंच – तुमचा पोरगा पगार खातो, माझा राख झाला, दोघांची तुलना करता? ह्यांनी हाताला धरून घरी आणलं. नावाचं काय ठरलं नाय.

२५ ऑगस्ट

अनंता आला. दारात चप्पल काढून उभा. मी भाताचं पाणी काढत होते, बस सुद्धा म्हटलं नाय.

"काकी, भूषणचंच नाव टाका. मी महिपतदादाला सांगून आलोय. बाबांचं मनावर घेऊ नका."

"तू काय उपकार करतोस?"

"नाय गो काकी. माझा गोल कुणी पन मारला असता. त्यांचा गोलकीपर पडलेला, मोकळा गोल व्हता. भूषणनं केलं ते कुनाला जमलं नसतं." डोळे भरले त्याचे. "अजून सपनात येतो. बांधावर बसलेला असतो. काय तरी सांगाया बघतो."

माझ्या हातून झाकण पडलं. पाय भाजला.

चहा केला त्याला. साखर टाकायची राह्यली. प्याला बिचारा.

१ सप्टेंबर

ठरलं. बुद्धभूषण स्मृती चषक – शाळेतलं पूर्ण नाव त्याचं. महिपत सांगायला आला – "जयभीम वयनी, तुमी जिंकलात." शेजारच्या ठकीनं मिठी मारली. सगळ्या वाडीला प्रश्न, मी हसत का नाय.

१९ जानेवारी २००३

म्हसा गावच्या जत्रेला गेलतो. ह्यांना घोंगडी घ्यायची होती. घोंगड्यांच्या ओळीच्या टोकाला एक माणूस टोपल्या मांडून बसलेला. मी भाव विचारला. त्यानं वर बघितलं.

"मावशे, भूषणची आय ना तू?"

लखमा. सहा वर्षांत पार वाळलाय. पाय मात्र तसेच, शिरा फुगलेल्या.

ह्यांनी विचारलं, "खेळतोस का रे?"

"नाय. सोडला. मैदानात उतरलो की पोरा वरडतात – गोल व्हताऽ गोल व्हताऽ! नावच पडलाय माझा. बायको बी भांडली का तेच म्हनते, खोटारड्या." स्वतःच हसला. मग म्हणाला, "भूषणला लागला तवा पानी मीच आणलता. बघितलास ना? चांगला पोरगा व्हता. मी त्याच्यावर वरडत व्हतो, तो माझ्याकडं नुसता बघत व्हता."

महिपतनं जुन्या सगळ्या खेळाडूंना निरोप धाडलाय, ह्यालाही. "येऊ का मावशे? तुज्या पोराचा नाव हाय म्हून इचारतो."

मी म्हटलं, "नको येऊ. पोरं चिडवतील."

हे माझ्याकडं बघतच राह्यले. लखमानं एक टोपली माझ्या हातात दिली. पैसे काय घेईना. मी टोपली तिथंच ठेवली आणि चालू लागले.

२० जानेवारी

जेवले नाय.

२६ जानेवारी

लखमा आला. धुतलेला सदरा, पाय अनवाणी. शेतात पाऊल टाकलं आणि बारकी पोरं सुरू – गोल व्हताऽ! मोठे पण हसले. तो पण हसला. मागं बांधाला जाऊन उभा राह्यला. त्याच बांधाला.

आधी पंचशील. सगळ्यांबरोबर मी पण हात जोडून म्हणत होते. चौथं आलं – मुसावादा वेरमणी... खोटं बोलणार नाय. मला म्हणवेना. पाचवं पण म्हटलं नाय. बाजूला ठकी होती, तिला वाटलं पोराच्या आठवणीनं.

महिपत माईकवर – "डोकं फुटलं, पण भूषणनं बॉल गोलात जाऊ दिला नाय!" टाळ्या. चषक चकचकीत, त्यावर नाव. माझ्या खांद्यावर शाल. सगळ्यात जोरात टाळ्या कोण वाजवत होता? लखमा.

जाताना आला. चषकावरून बोट फिरवलं. "मना वाचता नाय येत, मावशे. पन अक्षरा चांगली काढलीत."

२७ जानेवारी

भूषणनं पाणी मागितलं नव्हतं.

म्हणाला, "आये, बॉल आत गेलता. बांधाला लागून माझ्या अंगावर आला. लखमाचा गोल खरा. मला उठव, सांगून येतो."

मी म्हटलं, "गप पड. जिंकलास ना? आता कोन इचारतोय."

दोनदा उठाया गेला. दोन्ही वेळा मी खांद्याला धरून खाली दाबला.

शाल पिशवीत भरलीय. आधी ओट्यावर सांगते, सगळ्यांदेखत. मग मुरबाडची एसटी. लखमाच्या पाड्याचं नाव काय, ते मला माहीत नाय. सहा वर्षांत कधी विचारलं नाय.