व्हाइल फोर

३ मार्च, सोम.
नवा साहेब आला. कीथ. इंग्लंडच्या उत्तरेचा, यॉर्कशर का काहीतरी. कंट्रोल रूमच्या दारात उभा राहून मला म्हणतो, "नाह देन." नाऊ देन. म्हणजे "आता मग". मी थांबले, पुढचं बोलेल म्हणून. तो माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. शेवटी निघून गेला. तो त्याचा नमस्कार होता, हे दुपारी शेजारच्या पॅनेलवरच्या मेय लिंगने सांगितलं.
देश सोडून अकरा वर्षं या जुरोंग आयलंडवरच्या प्लांटमध्ये काढली. चिनी इंग्रजी कळतं, तमिळ कळतं, फिलिपिनो, बांगलादेशी, सगळ्यांचं कळतं. आणि ज्यांची भाषा आहे त्यांचंच कळू नये! कमाल आहे.

६ मार्च, गुरु.
मीटिंगला शेवटची आत शिरले. की.: "पुट वुड इन थॉइल, लव्ह." वुड. ऑइल. केमिकल प्लांटमध्ये हा माणूस लाकूड तेलात टाकायला सांगतोय. सरळ विचारलं, "विच ऑइल?" हसून हसून लालबुंद झाला. दार लाव, एवढंच होतं. वुड म्हणजे दार, आणि ऑइल नव्हे ते, होल. सगळे हसले. कळलं एकालाही नव्हतं, पैजेवर सांगते. मी विचारलं म्हणून मी येडी.
घरी शि.ला सांगितलं. नवरा असून तोही हसला. म्हटलं, आज पोळ्या तूच लाट. तर म्हणे रोज मीच लाटतो. खरं आहे ते.

११ मार्च, मंगळ.
की. जेवणाआधी: "ब्रॉट दाय स्नॅप?" नव्या गेटपासची कामं चालू आहेत, तर मी पर्समधून पासपोर्ट साइझ फोटो काढून हातात दिला. त्याने उलटसुलट करून पाहिला. स्नॅप म्हणजे डबा! त्याचे आजोबा कोळशाच्या खाणीत, तिथला शब्द. हे मात्र त्याने नीट सांगितलं, सावकाश. माझी मेथीची भाजी दोनदा घेतली. माणूस वाईट नाही. फोटो परत द्यायचा विसरला.

१९ मार्च, बुध.
लिहून ठेवते, नाहीतर उद्या दुसरंच कोणीतरी लिहील.
चार नंबरच्या टाकीची सफाई होती. कामाच्या परमिटवर वेळ दुपारी एकपर्यंत. सकाळी की.चा फोन: "डोन्ट रन दॅट पंप व्हाइल फोर." आमच्याकडे त्या टाकीला नुसतं "फोर"च म्हणतात. मी समजले, फोरचं काम चाललंय तोवर पंप लावू नको. एकला काम संपलं, परमिट बंद झालं, सह्या झाल्या. दोनला पंप लावला.
त्याच लाइनच्या पलीकडच्या टोकाला कमाल बसलेला, पाइपच्या जोडाचे बोल्ट काढून. आमचा बांगलादेशी फिटर, माझ्याच वयाचा, दोन मुली गावी. ते जादा काम की.ने त्याला तोंडी दिलेलं, कागदावर कुठेच नाही. लाइनमध्ये धुण्याचं पाणी होतं म्हणून नुसता भिजला. दुसरं काही असतं तर...
पळत गेले. तोच मला समजावतोय, "दीदी, पानी ही था ना."
की. धावत आला, ओरडला, "आय सेड व्हाइल फोर!" चार वाजेपर्यंत, असं. त्याच्या गावाकडे व्हाइल म्हणजे अंटिल. माझ्या स्वप्नात तरी आलं असतं का?

२१ मार्च, शुक्र.
रिपोर्ट आला. "कारण: इंग्रजी सूचना समजण्यात कर्मचाऱ्याची त्रुटी." खाली माझ्या सहीची जागा. शिवाय सहा शनिवार तांजोंग पगारला इंग्रजी ऐकण्याचा क्लास. ऐकण्याचा! आधी त्याला बोलण्याच्या क्लासला घाला.
एचआरची बाई साखरेच्या आवाजात: "जस्ट अ फॉर्मॅलिटी." सही बुधवारपर्यंत हवी. माझा इथल्या नोकरीचा पास जूनमध्ये वाढवायचाय. शि. आणि लेक सई दोघंही माझ्याच पासवर इथे राहतात. हे तिने बोलून दाखवलं नाही, फक्त जूनचा उल्लेख केला.
माझी चूक आहेच. परत विचारायला हवं होतं, आणि ते मी लिहून द्यायला तयार आहे. पण का नाही विचारलं? "विच ऑइल"ला अख्खी खोली हसली होती म्हणून. हे कोण लिहिणार? आणि कागदावर नसलेल्या कामाचं काय? त्याला कोणती भाषा लागते?
सही केली नाही.

२३ मार्च, रवि.
शि.: "कर ना सही. काय जातंय तुझं?"
माझी नोकरी गेली तर याचं ऑनलाइन गणित शिकवणं रोह्याला जाऊनही चालेल, माझं काय? मी बोलून गेले. नको होतं बोलायला. तो वर्ग घ्यायला आत गेला.
सई वहीतून डोकं वर न काढता: "साइन ओन्ली लाह, आई. एव्हरीवन नोज यू नॉट स्टुपिड." सगळ्यांना माहीत आहे ना, मग कागदावर उलटं का?
खाली दही आणायला निघाले. सईला म्हटलं, दूध तापतंय, मी येईपर्यंत इथून हलू नकोस. आणि बाबा शिकवतायत तोपर्यंत टीव्ही नको.
लिफ्टमध्ये ट्यूब पेटली. येईपर्यंत: अंटिल. शिकवतायत तोपर्यंत: व्हाइल. पर्यंत तोच! आम्ही दोन्हीकडे एकाच शब्दाने भागवतो आणि कोणाचा कधी गोंधळ होत नाही. त्या अख्ख्या प्लांटमध्ये की.चं ते इंग्रजी कोणाला कळू शकलं असतं तर मला. रोह्याच्या मराठी शाळेतल्या मला. मी उगाच इंग्रजीतून ऐकत बसले.
आमच्या पासिर रिसच्या दुकानासमोर एकटीच हसत उभी होते. दही विसरून परत आले. दूध उतू गेलं नव्हतं, सई खरंच हलली नव्हती.

२४ मार्च, सोम.
पाच जणांना विचारलं, "व्हाइल फोर" म्हणजे काय? मेय लिंग: "फोर व्हॉट?" एचआरची बाई: "टायपो का?" उरलेल्या तिघांची तीन उत्तरं. चार वाजेपर्यंत असं एकही म्हणाला नाही. पाचही उत्तरं नावांसकट लिहून ठेवली. मग सगळ्यांनाच पाठवा क्लासला, बस करा एखादी.
की.च्या केबिनमध्ये गेले. दार स्वतःच लावलं. वुड इन थॉइल. त्याला हसू आलं, पण हसला नाही. त्याला "पर्यंत" समजावलं, कागदावर दोन वाक्यं लिहून. तीनदा म्हणून पाहिलं त्याने, "परयांट." म्हणाला, त्याची आई असंच बोलायची, त्याला कधी वेगळं वाटलंच नाही. मग मी विचारलं, कमालचं काम कागदावर का नव्हतं? टेबलावरचे कागद नीट रचले त्याने, मग: "इट्स विथ एचआर नाऊ. नाउट आय कॅन डू." नाउट म्हणजे काही नाही. हे मात्र पहिल्या फटक्यात कळलं.
निघताना दिसलं, माझा फोटो त्याच्या टेबलाच्या काचेखाली आहे. परत मागितला नाही.

२६ मार्च, बुध.
एचआरची मेल: आज शेवटचा दिवस, सही कधी करताय?
एका ओळीत उत्तर दिलं, की.ला कॉपी लावून: "आय विल नॉट साइन इट व्हाइल यू चेंज इट."
मेय लिंग माझ्या खांद्यावरून वाचून किंचाळली, "वा, ग्रामर रॉंग लाह! दे विल सेंड यू टू क्लास फॉर शुअर!" म्हटलं, असू दे. ज्याला कळायचं त्याला कळेल.
तीन वाजता एचआरच्या बाईचा फोन. वाक्याचा अर्थ नेमका काय? आवाजातली साखर थोडी कमी. मी म्हटलं, कीथना विचारा, त्यांच्या आईची भाषा आहे.
सुटायच्या वेळी काचेतून पाहिलं. बाई त्याच्या केबिनमध्ये उभी, हातात माझ्या मेलचा कागद. की. तो वाचत होता, ओठ हलवत. मग त्याने तिला खुर्ची दाखवली, उठला, आणि दार लावलं.
कंपनीची बस सुटत होती. मी निघाले.