मुद्दा क्रमांक चार

३ मार्च, सकाळी ११
कोर्टाचा माणूस कागद देऊन गेला. घटस्फोटाच्या अर्जाविषयी माझी तक्रार नाही. तक्रार पिनेची आहे. बावीस वर्षांचा संसार मोडायला निघालेले कागद, आणि पिन उजव्या कोपऱ्यात! पान उलटताना बोटाला टोचली.
बायको दोन महिने लेकीकडे आहे. विश्रांतीसाठी, असा माझा समज होता.
उत्तर तीस दिवसांत द्यायचं, नाहीतर एकतर्फी निकाल. मुद्दा क्र. ४: ‘प्रतिवादी विचारलेल्या कशाचंही उत्तर देत नाही.’ धादांत खोटं. साधार खंडन करीन.

१० मार्च
प्रस्तावना पूर्ण. चार पानं. शैली प्रसन्न.

१५ मार्च
भाऊजींचा फोन. ताईचे यजमान, निवृत्त वकील. म्हणाले, “अरे, ‘मान्य नाही’ एवढं लिही, सही कर, उद्या देऊन ये. ग्रंथ नको.” वकिलांना वाङ्मयाचं वावडंच.

२२ मार्च
रविवार वगळून मोजलं. मुदत ७ एप्रिल. तसं कागदात लिहिलेलं नाही, पण अध्याहृत आहे.
ताई विचारत होती, बायकोला एक फोन तरी केलास का. एवढं लिहितोय ते कुणासाठी?

१ एप्रिल
तेरा पानं. मुद्दा चार शेवटी घेणार. शीर्षक लिहून ठेवलं आहे.

७ एप्रिल, दुपारी १२.१०
कोर्टातल्या खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, “काका, मुदत दोन तारखेला संपली. रविवार कोण वगळतं? तीन तारखेला खिडकी उघडताच त्यांचा एकतर्फी निकालाचा अर्ज आला.” एकच पान. सोबत कागद मिळाल्याची पावती, तीवर माझी सही. वळणदार.
परत बोलावून म्हणाल्या, “उशीर का झाला ते चार ओळींत लिहून आणा. सुनावणी एकवीसला आहे. साहेब ऐकतात कधीकधी.”
चार ओळी! आज संध्याकाळीच.

१८ एप्रिल
भाऊजी म्हणतात, “दिवस मोजायला चुकलो, असं लिही. खरंच आहे ना ते?” लिहिलं. खोडलं.

२१ एप्रिल
पाय दुखत होता. गेलो नाही.

२७ एप्रिल
निकाल पोस्टाने आला. ‘प्रतिवादीकडून उत्तर नाही. अर्जदाराचं म्हणणं ग्राह्य.’ मुद्दा चारला तिला साक्षीदार लागला नाही. माझ्या वहीत त्या शीर्षकाखालचं पान कोरंच आहे.
पिन या वेळी डाव्या कोपऱ्यात आहे.
लेकीचा मेसेज परवापासून पडून आहे. ‘बाबा, बरे आहात ना?’ तीनदा लिहायला घेतलं. काय लिहावं सुचत नाही. एक दिवस तीही विचारायची थांबेल, याची भीती वाटते.