तुझ्या चढावर, रिकाम्या हातांनी

प्रिय दादा,

आज घटस्थापना झाली. तुळजापूरहून ज्योत आली. म्हणून लिहायला बसलोय. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो हसेल नाहीतर रडेल, आणि मला दोन्ही नको आहे. तू आधी हसला असतास आणि मग पाठीत थाप मारली असतीस. ती थाप मला लागायची रे! कधी बोललो नाही.

पहिल्यापासून सांगतो. मला अर्धवट सांगता येत नाही, तुला माहीतच आहे.

तू गेलास तेव्हा चौकात लागलेला फ्लेक्स मीच केला. मी काम करतो त्या फ्लेक्सच्या दुकानाचे मालक म्हणाले, "राहू दे, आज दुकानात नको बसू, मी करतो." पण त्यांच्या हातून 'श्रद्धांजली' नेहमी चुकते. इतरांचं मी गुपचूप दुरुस्त करतो, तुझं चुकलेलं मला चाललं नसतं. फोटो गेल्या नवरात्रातला लावला, ज्योत हातात धरलेला. पण श्रद्धांजलीच्या खाली पेटती मशाल बरी दिसत नाही म्हणाले, म्हणून ती तेवढी कापून काढावी लागली. मग फोटोत तुझा हात नुसताच वर राहिला. लोकांना वाटलं, तू निरोप घेतोयस. मला तो हात अजून आवडत नाही.

तुला डेंग्यू होईल असं कुणाला वाटलं होतं? दिवाळीचा फराळ अजून डब्यात होता. ताप आला, तू म्हणालास "उतरंल की", आणि सोलापूरला नेईपर्यंत तुझे ओठ पांढरे झाले होते. भरतीसाठी इतकी वर्षं धावलेला माणूस! छाती मोजताना फुगवायचास तेव्हा शर्टाची बटणं ताणायची. आणि मी? मी तर शर्टाची बटणं नुसता बसलो तरी ताणतो.

दहाव्याला बायका ओसरीवर बसल्या होत्या. मी आत पाणी भरत होतो. त्यांतली एक म्हणाली, "देवाचं बी काय खरं न्हाय बघा. पळणारा गेला आन् बसणारा राहिला."

वाईट हेतूनं नाही म्हणाली. पण आईनं ऐकलं.

त्या दिवसापासून मी पायरी चढलो की आई हातातलं काम थांबवते. भाकरी थापत असेल तर हात तसाच परातीत राहतो. माझा श्वास ऐकत असते ती. मी कॉटवर बसलो आणि दम खाली आला, की मग पुन्हा थाप सुरू होते. दादा, असं कुणी आपला श्वास ऐकत असलं की जगणं किती अवघड होतं!

तुला एक गोष्ट विचारायची होती. शाळेत पीटीच्या सरांनी मला मैदानाला चकरा मारायला लावल्या की तू तुझ्या वर्गातून पळत यायचास. "तू बस, मी पळतो." सरांनी एकदा पकडलं. "शिक्षा कुणाला दिली होती रे?" तर तू म्हणालास, "सर, घरात एकालाच दिली न्हवं? मग कुणीबी पळालं तरी चालतंय की!" सरसुद्धा हसले. मीही हसलो, सावलीत बसून.

का पळालास रे माझ्या वाटचं? दळण तू आणलंस, पाण्याची कळशी तू उचललीस, शाळा सुटल्यावर मला सायकलवर मागं बसवून तूच पायडल मारलंस. तुझं प्रेमच होतं ते, मला कळतं. पण एखाद्या दिवशी तरी मला खाली उतरवायचं होतंस! रागानं म्हणत नाही. आता कुणी मागं बसवून न्यायला उरलं नाही, म्हणून म्हणतोय.

उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात तपासून आलो. ब्लड प्रेशर वाढलेलं निघालं. मॅडम म्हणाल्या, "या वयात एवढं वजन! चालायला लागा." आई सोबत होती. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि पदर तोंडाला लावून बसूनच राहिली. मी म्हणालो, "आई, चालतो ना मी."

म्हणून चालायला लागलो. तुझे बूट घालून बघितले. आले नाहीत. माझा पाय रुंद आहे. बाजारातून साधे कापडी घेतले.

आपल्या गावात काही कामाशिवाय चालणं किती कठीण आहे, हे तुला ठाऊक होतं का? तू पळायचास तेव्हा लोक म्हणायचे, भरतीचं पोरगं हाय. मी चालायला लागलो तर गाव विचारतं, "कुठं निघालास?" काय सांगायचं? पहिल्या दिवशी म्हणालो, शेताकडं. लगेच मागून मोटारसायकल थांबली. "बस की!" नाही म्हटलं तर माणूस रागावतो, म्हणून बसलो. शेताशी उतरलो, आणि तिथून दुसरा भेटला तो परत गावात घेऊन आला. म्हणजे पहिल्या दिवशी मी चालायला गेलो आणि दोन गाड्यांवर बसून आलो!

दुसऱ्या आठवड्यात पोरं मागं लागली. "सरका रं, रोलर आला!" पारावरचे म्हातारे म्हणाले, "हळू रं बाबा, डांबर नवं हाय." मांड्या घासून सोलवटल्या, बनियन ओलं व्हायचं, घरी येऊन खोबरेल लावत बसायचो. रडलोसुद्धा एकदा, आई शेजारी गेली होती तेव्हा. पण बंद केलं नाही. विजेच्या खांबाखांबानं जायचो. एक खांब चालायचं, मग उभं राहायचं. नंतर उभं राहणं सुटलं. पोळ्याच्या सुमाराला एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळालो. पळालो म्हणजे पाय उचलले, इतकंच. पण दोन्ही पाय एका वेळी जमिनीवर नव्हते, हे मी नक्की सांगू शकतो.

आईला ते कळलं तेव्हा तिनं माझे बूटच लपवले. पिठाच्या डब्यामागं सापडले.

"चालायला सांगितलंय बाईनं, पळायला न्हाय," ती म्हणाली.

"आई, हळूहळू पळालं तर..."

"मला पळणारा नको. बसून का असंना, पर असणारा पाहिजे!"

मी बूट हातात घेऊन उभा राहिलो. ती भांडी घासायला लागली. आधीच घासलेली भांडी.

पण माझ्या डोक्यात तुझा चढ होता. दरवर्षी मंडळाची पोरं तुळजापुरात ज्योत पेटवून आळीपाळीनं पळत गावाला आणतात आणि शेवटचा टप्पा, ओढ्याच्या पुलापासून देवळापर्यंतचा चढ, तुझा. मी मागच्या टेम्पोत, स्पीकर आणि तेलाचा डबा सांभाळत. गेल्या वर्षी पुलाशी ज्योत हातात घ्यायच्या आधी तू टेम्पोपाशी आलास आणि म्हणालास, "पुढच्या साली ह्यो चढ तुझा." मी म्हणालो, "आधी टेम्पो चढतोय का बघ." सगळे हसले. तू हसला नाहीस. तू खरंच म्हणत होतास का रे? मला अजून कळलेलं नाही. विचारायला तू पाहिजे होतास!

वाटलं, हा चढ ज्योत घेऊन मी चढलो, तर आई माझा श्वास ऐकायचं थांबवेल. एवढंच होतं माझ्या मनात. नवस नाही, हट्ट नाही.

पितृपाटात मंडळाच्या बापूकाकांकडं गेलो. तीनदा दारापर्यंत जाऊन परत फिरलो, मग गेलो. त्यांनी नीट ऐकून घेतलं. हसले नाहीत, हे त्यांचे उपकार.

"पोरा, तुझी लई इच्छा हाय, दिसतंय मला. पर घरात वर्ष चालू हाय तुमच्या. सुतकातल्या हातात देवीची ज्योत कशी देऊ?"

"काका, दिवाळीनंतर वर्ष होतंय. थोडेच दिवस राहिलेत."

"थोडं राहिलं म्हंजी झालं न्हवं. पुढल्या साली बघू. आन् ह्या वर्षी तेलाच्या डब्याला बी हात लावू नगंस. वाईट वाटून घेऊ नको."

म्हणजे टेम्पोतसुद्धा जागा नाही! मी घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती चिडेल. ती म्हणाली, "बरोबर बोलला बापू." आणि देवघरातल्या बंद दिव्याकडं बघत राहिली. या वर्षी आपल्याकडं घटही बसला नाही, दादा. परडी तशीच फडताळात आहे.

आज सकाळी मी बूट घातले. आईनं बघितलं, अडवलं नाही. फक्त म्हणाली, "पाणी पिऊन जा." मी ओढ्याच्या पुलावर जाऊन थांबलो. पुलावर उभं राहायला सुतक आड येत नाही, असं मी मनाशी ठरवलं होतं.

ऊन चांगलं वर आल्यावर 'उदो उदो' ऐकू आलं. तुझा चढ तुझ्या दोस्ताला, सतीशला दिला होता. त्यानं ज्योत घेतली, मला बघितलं, आणि त्याचा चेहरा कसातरी झाला. माझ्याजवळून जाताना हळू झाला. म्हणाला, "चल माझ्या मागं." ज्योत घेऊन रेंगाळता येत नाही. तो गेला.

मी पळालो दादा! हात रिकामे होते, त्यांचं काय करायचं कळेना. तू एक हात वर धरून पळायचास, दुसरा हलायचा. माझे दोन्ही लोंबत होते. पहिला खांब गेला, दुसरा गेला. पोरं पुढं निघून गेली, गुलाल खाली बसला. वळणावर, जिथं तू ज्योतीचा हात बदलायचास, तिथं माझी छाती इतकी वाजायला लागली की मी थांबलो आणि मानेवर बोटं ठेवून नाडी बघितली. मला भीती वाटली. इथं पडलो तर आईला कोण सांगायला जाईल, हाच विचार. म्हणून तिथून पुढं चाललो. पूर्ण चढ पळालो असं लिहिलं तर ते खोटं होईल.

मागून टेम्पो आला. चालवायला महेबूबचाचा, नेहमीप्रमाणं. काच खाली केली.

"क्या रे, बैठता क्या?"

"नको चाचा."

"तो चल. मेरेकू कायकी घाई?"

आणि ते माझ्या मागं, माझ्या चालीनं गाडी आणायला लागले. स्पीकर टेम्पोत! ज्योत वर पोचली देवळात आणि देवीची गाणी इकडं खाली माझ्या पाठीशी वाजतायत! चाचांचा फोन वाजला. बापूकाकांचा आवाज मला रस्त्यावर ऐकू आला, "गाडी कुठं हाय? हितं नुसत्या घंटीवर चाललंय!" चाचा म्हणाले, "चढ पे गाडी गरम हुई, साब. आती है, आती है." आणि माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. मला चालता चालता हसू आलं, आणि हसता हसता ते दुसरंच काहीतरी झालं. घाम होता, त्यामुळं कुणाला कळलं नसतं.

वर पोचलो तेव्हा सगळे आत होते. आरती अर्ध्यावर आली होती. आई बाहेर लिंबाखाली उभी होती. वर्ष असल्यामुळं ती आत गेली नव्हती. तिच्या हातात भरलेली कळशी होती.

दरवर्षी चढ संपला की तुझ्या पायांवर तीच पाणी घालायची ना! सवयीनं भरून घेऊन आली होती बिचारी. इथं आल्यावर तिला आठवलं असेल. सतीशच्या पायांवर दुसऱ्या बायकांनी घातलं, आणि आई कळशी घेऊन तशीच उभी राहिली. जड कळशी. खालीही ठेवली नव्हती.

मला बघून ती पुढं आली. माझ्या पायांकडं बघितलं.

मी म्हणालो, "आई, पायांवर नको. मी काही आणलं नाही."

"दम धर," ती म्हणाली. "दम धरून पी. एकदम पिऊ नको."

मी ओंजळ केली. ती ओतत राहिली. मी पीत राहिलो. मग तिनं कळशी खाली ठेवली आणि रडली दादा, मोठ्यानं, तुझं नाव घेऊन. दहाव्यालाही रडली नव्हती अशी. आत घंटा चालू होत्या म्हणून कुणी बाहेर आलं नाही. मी तिचा दंड धरून उभा होतो. माझा दम केव्हा खाली आला, मला कळलं नाही. तिनंही ऐकला नाही.

आता ती झोपली आहे, दुपारची, कितीतरी महिन्यांनी.

दादा, पुढच्या वर्षी ज्योत मिळेल की नाही, मला माहीत नाही. मिळाली तरी तुझ्यासारखं पळता येणार नाही मला, हेही लिहून ठेवतो. त्याचं वचन देत नाही. वचन एकाच गोष्टीचं देतो. आईनं एक मुलगा पोचवला. दुसरा ती पोचवणार नाही. तिला मी पोचवीन, रीतीप्रमाणं, खूप वर्षांनी, तिचं सगळं करून. देवाच्या मनात काय आहे ते त्याला ठाऊक. माझ्या पायांच्या हातात जेवढं आहे, तेवढं मी चालीन.

तुझा धाकटा,
बाळू