आईच्या भुशाचा वास

३ फेब्रु., सोम.
पिल्लं दहा दिवसांची झाली. उंदराच्या पिल्लाचे डोळे अजून बंद, फक्त नाक चालतं. ट्रेच्या एका टोकाला आईच्या पिंजऱ्यातला भुसा, दुसऱ्या टोकाला कोरा. साधी पिल्लं तुरुतुरु आईच्या भुशाकडे. पोटात असताना ज्यांच्या आईला औषध टोचलं, ती मध्येच गोल फिरत बसतात. लॅबच्या मॅडम खूश, उंदरांत ऑटिझम उतरला म्हणून. "मॉडेल सरस बन्युं छे, बेन." सरस कसलं डोंबलाचं.

४ फेब्रु., मंगळ.
औषध तेच. ओजसच्या वेळी नऊ महिने मी गोळी घेत होते, आकडीसाठी. डॉक्टर म्हणालेले, बंद केलीत तर दोघांच्याही जिवावर बेतेल. त्यांचं चुकलं नाही. ओजसचा ऑटिझम त्यानेच, असंही कुणी छातीठोक सांगत नाही. हे रोज घोकते, पटत नाही. तरी लॅबमध्ये हा विषय मीच मागून घेतला. आपल्याच हाताने पायावर धोंडा.
शिरीषला लॅबमधल्या औषधाचं नाव सांगितलेलं नाही. कळलं तर तोंडाने काही म्हणणार नाही, नवरा भला आहे. पण मनात आणेलच ना, की हिनेच...

९ फेब्रु., रवि.
मूर्खपणा केला. शिरीष भाजीला गेला तेव्हा सतरंजीच्या एका टोकाला माझा कालचा गाऊन ठेवला, दुसऱ्या टोकाला धुतलेला, मध्ये ओजस. पाच वर्षांचं पोर. वर घड्याळही लावलं. हो, मी, त्याची आई. तो सतरंजीचे दोरे ओढत बसला. तीन मिनिटांनी उठून बाल्कनीत गेला.
दोन्ही गाऊन भिजवले आणि मोरीतच बसून रडले.

१२ फेब्रु., बुध.
आज दुसऱ्या वेताची पिल्लं, तीही दहा दिवसांची. एक पिल्लू वेळ संपली तरी मला उचलवेना. प्राणिघर बघणारे रमेशभाई हळूच म्हणाले, "बेन, टाइम थई गयो." वहीत 'पोचलं नाही' लिहिलं. मग हाताने आईपाशी नेऊन ठेवलं. तिने हुंगून जवळ ओढलं. तिला काय, सगळी सारखीच.

१३ फेब्रु., गुरु.
माझी स्कूटर बंद, म्हणून शिरीष लॅबवर न्यायला आला. मी हात धुऊन वळते तर हा औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचत उभा. "हे?" एवढंच. मी मान हलवली. बडोद्याच्या गर्दीतून फतेगंज ते रावपुरा, घरापर्यंत. एरवी सिग्नलला रिक्षावाल्यांशी गुजरातीत भांडतो, आज कडेकडेने गाडी चालवत राहिला.
घरी आल्यावर मी जुनी फाईल काढली. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायची, माझी बाजू मांडायची, सगळं पाठ होतं.
तो ओजसला वरणभात भरवत होता. माझ्याकडे न बघता म्हणाला, "दुकानातून मीच आणायचो ना ती गोळी. एखादी चुकवलीस की ओरडायचो तुझ्यावर."
माझ्यावर चिडला असता तर निभावलं असतं. फाईल परत कपाटात ठेवली. भात संपून अर्धा तास झाला. तो अजून रिकामी ताटली घेऊन बसलाय, आणि मी इथे लिहीत...